तुळजाची पुढची सीट

परवा कत्तिरी लागली. मद्रासला बारा महिने उन्हाळा असतो असं साताऱ्याची माणसं म्हणतात, पण ती इथं राहिलेली नाहीत. इथल्या लोकांच्या लेखी बाकीचं ऊन म्हणजे नुसतं ऊन, आणि वैशाखात काही आठवडे आभाळातून जे ओततं ती कत्तिरी. या दिवसांत कुणी नव्या घरात राहायला जात नाही, लग्नाची बोलणी काढत नाही, लांबच्या प्रवासाला निघत नाही. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून घरात येतं. दुपारी सगळी गल्ली दारं लोटून अंधारात पडून राहते आणि समुद्रावरचा वारा कधी सुटतो याची वाट पाहते. बाकीच्यांना कत्तिरीत घामोळं येतं. मला मत्सर येतो.

हे मी गमतीनं म्हणत नाही. मोडलेलं हाड ठरावीक हवेत ठणकतं म्हणतात, तसं हे दर साली ठणकतं. काल माळ्यावरून कॅनव्हासची पाण्याची पिशवी काढली, धुतली, भरली आणि गच्चीच्या जिन्यात टांगली. ही पिशवी खरं तर मोटारीच्या पुढच्या बंपरला बांधायची असते. कापड पाझरत राहतं, वारा लागतो आणि आतलं पाणी गार होतं. मुलं येता-जाता तिच्याखाली तोंड धरतात. हे ऑफिसातून आले की आधी तिथं जातात. मी मात्र माठातलं पाणी पिते. ती पिशवी वाळवंटात जाऊन आली आहे आणि मी गेलेले नाही, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

लग्न होऊन मी मद्रासला आले तेव्हा नये पैसे नुकतेच सुरू झाले होते आणि बाजारात सगळ्यांचाच गोंधळ उडत होता, त्यामुळे माझा वेगळा दिसला नाही. यांची केंद्र सरकारच्या ऑफिसात नोकरी. मैलापुरात एका घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या होत्या. खाली घरमालकीण राहायची, पद्माक्का. तंजावरच्या मराठी घराण्यातली. तिचे पूर्वज कोणत्या तरी राजाच्या काळात इकडे आले ते इथलेच झाले, आणि बरोबर आणलेली मराठी त्यांनी लोणच्यासारखी मुरत ठेवली. मी साताऱ्याची, म्हणून पहिल्या दिवशी जरा तोऱ्यातच तिच्याशी बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बोल बोल, अस्की कळतं मज. थोडं घाईत बोलतेस, इतकंच." अस्की म्हणजे सगळं.

अक्का तेव्हाच साठीला टेकलेली. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली, बिनलग्नाची, केस पांढरे आणि आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. वडिलांची जुनी काळी विलायती मोटार तिच्याकडे होती. त्या मोटारीचं नाव तुळजा. अक्का लुगड्याचा काठ खोचून, अनवाणी पायांनी तुळजा चालवायची. कपालीश्वराच्या देवळापाशी रथाच्या वाटेवर कितीही गर्दी असो, भोंगा न वाजवता बाहेर पडायची. मी साताऱ्यात सायकल चालवणारी बाई पाहिली होती, आणि तिच्याबद्दलही लोक वर्षभर बोलत होते.

त्या पहिल्या कत्तिरीत आमची खरी ओळख झाली ती गच्चीवर. मला कुरडया घालायच्या होत्या. अक्काला तांदळाचे वडाम घालायचे होते. गच्चीच्या लाल फरशीवर पाय ठरत नव्हता, म्हणून आम्ही पहाटे उजाडताच चीक शिजवून वर न्यायचो आणि ऊन चढायच्या आत धोतरावर घालून मोकळ्या व्हायचो. मग जिन्याच्या सावलीत बसून कावळे हाकायचे. तिथं एकदा अक्का समोरच्या तापलेल्या गच्चीकडे पाहत म्हणाली, "उभी हयात पोरींस मारवाडचं वाळवंट शिकवलं. नकाशावर छडी ठेवायची, म्हणायचं, हिंगडं वाळू, हिंगडं उंट. मी पाहिली वाळू ती मरीनाची. सुंडलचे, चण्याच्या उसळीचे द्रोण पडलेली." हिंगडं म्हणजे इकडे.

"मग जाऊ या ना, अक्का. गाडी आहे तुमच्याकडे," मी म्हटलं.

हे मी म्हटलं. ठळक लिहून ठेवते, कारण पुढं सगळ्यांनाच याचा विसर पडला.

अक्कानं मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. "तू येतेस?"

"येते."

"सरी," ती म्हणाली. इथं सरी म्हटलं की ठरलं.

त्यानंतरचे काही दिवस ते वाळवंट आम्हा दोघींचं होतं. अक्का तांब्यात बोट बुडवून गच्चीच्या फरशीवर रस्ता काढायची. हे मद्रास, हे बंगलोर, इथून वर पुणे, मग अहमदाबाद, मग जोधपूर आणि त्याच्या पुढं काहीच नाही. पुण्यापर्यंत पोचेतो मद्रास वाळून जायचं. पुन्हा काढायची. मी तिला विचारायची, रात्री कुठं झोपायचं, पाणी कुठं मिळेल, चाक रुतलं तर काय करायचं. ती कधी सांगायची आणि कधी म्हणायची, "मज काय ठाऊक? म्हणून तर जायचं." आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी तरी मोठ्या माणसानं सांगितलं होतं की आपल्याला ठाऊक नाही. मला ती फार आवडली. घरी आईला सोडून आलेली मी, त्या बाईत काय काय शोधत होते देव जाणे.

मग एका रविवारी हे पाटी उचलून द्यायला गच्चीवर आले.

फरशीवर ओलं अहमदाबाद होतं. यांनी ते पाहिलं, खाली बसले आणि म्हणाले, "अक्का, इकडून नका जाऊ. इकडे घाट आहे." मग तडक खाली गेले आणि ट्रंकेतून नकाशा घेऊन आले. खरा, कापडावर चिकटवलेला, घड्यांवर झिजलेला. लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि यांच्या ट्रंकेत नकाशा आहे हे मला माहीत नव्हतं. अक्कानं चष्मा लावला. दोघांची डोकी त्या नकाशावर वाकली, आणि माझा वाळवंटाशी संबंध संपला तो त्या क्षणी.

संध्याकाळी वारा सुटला की बैठक खाली अक्काच्या ओसरीत भरू लागली. झोपाळ्यावर नकाशा, झोपाळ्याच्या एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला हे. किती मैलांवर पेट्रोल, एंजिनाला पाणी किती, माणसाला किती, टायरमधली हवा कमी केली तर वाळूत चाक रुतत नाही म्हणतात ते खरं काय. मी कॉफी गाळून खाली न्यायची. पेले नकाशाच्या दोन कोपऱ्यांवर वजन म्हणून ठेवले जायचे. "वा, मालती," म्हणून पुन्हा जोधपूर. माझ्याशी हे बोलायचे ते दूध नासलं का, धोबी आला का, इतकंच. रेडिएटर या विषयावर हा माणूस तासभर बोलू शकतो, हसू शकतो, मांडीवर थाप मारू शकतो, हे मला ओसरीच्या उंबरठ्यावर रिकामा ट्रे घेऊन उभं असताना कळलं.

मी जळत होते. पण त्या जळण्याला नाव देता येत नव्हतं, ही खरी पंचाईत. अक्का तरुण असती तर मला काय करायचं ते ठाऊक होतं. माहेरी पत्र टाकलं असतं, दोन वेळा जेवले नसते, रीतसर रडले असते आणि गल्लीनं माझी बाजू घेतली असती. पण यांच्या आईच्या वयाची, पांढऱ्या केसांची, गुडघे दुखतात म्हणून जिना बसत बसत उतरणारी बाई! तिच्यावर संशय घ्यायचा तरी कसा? तिच्या वयानं माझी सगळी सोय काढून घेतली होती. आणि मनाच्या तळाशी पाहिलं तर गोष्ट याहून वाईट होती. मला नवऱ्याचा जितका राग येत होता त्याहून जास्त अक्काचा येत होता, आणि अक्काचा जितका येत होता त्याहून जास्त नवऱ्याचा. तिनं माझा नवरा नेला याचं दुःख होतंच, पण यानं माझी अक्का नेली, माझं वाळवंट नेलं, याचं काय करायचं? एका वेळी दोन माणसांचा, एकमेकांवरून, मत्सर करणं हे फार दमवणारं काम आहे. त्यात कत्तिरी.

एके संध्याकाळी अक्का यांना "वसंतराव" म्हणायची ती "वसंता" म्हणाली. मी वर गेले आणि उगाच सगळी भांडी घासली.

सामान आणायला जॉर्ज टाउनला गेलो तेव्हा मी हट्टानं बरोबर गेले. अक्का चालवत होती, हे शेजारी, मी मागं. जाताना आणि येताना मला दिसत होत्या त्या दोन मानगुटी. एक पांढऱ्या अंबाड्याखालची, घामानं चमकणारी, आणि एक यांची, न्हाव्यानं नुकतीच कोरलेली. दोन्ही मानगुटी एकाच वेळी डावीकडे वळायच्या, एकाच वेळी हसायच्या. मला काही ऐकू येत नव्हतं, कारण खिडक्या उघड्या होत्या आणि तुळजा खडखडत होती. मग मी खाली पाहू लागले. पुढच्या दोन सीटांच्या मधल्या फटीतून अक्काचे अनवाणी पाय दिसत. डावा पाय खाली, हात मागं, डावा पाय हळूहळू वर, उजवा हळूच खाली. ते पाय मी सगळ्या रस्ताभर पाहिले. बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं आणि नजर हटवली की मानगुटी दिसायच्या. त्या दिवशी दोरखंड घेतले, पाण्यासाठी पत्र्याचे डबे घेतले आणि ही कॅनव्हासची पिशवी घेतली. दुकानदारानं ती पाणी भरून टांगून दाखवली आणि आम्ही तिघं ती पाझरायची वाट बघत उन्हात उभे राहिलो.

माझ्याकडे खाणं सोपवलं होतं. टिकाऊ पाहिजे, असं दोघांनी एका तोंडानं सांगितलं. मी चिडूनच कामाला लागले आणि ढीगभर केलं. ताकातल्या मिरच्या, सांडगे, पापड, लिंबाचं लोणचं, खारवलेला आंबा. टिकाऊ म्हटल्यावर मला मीठच सुचलं. अक्कानं एक मिरची तोंडात टाकली, पाण्याचा तांब्या घटाघटा रिकामा केला आणि डोळे पुसत म्हणाली, "अय्यो! वाळवंटात तहान बांधून नेतेस काय, पोरी?" हे इतके हसले की झोपाळा हलला. मीही हसले. मग वर येऊन ती सगळी बरणी शेजारच्या घरी देऊन टाकली.

आणि मग ती संध्याकाळ. ताडगोळेवाला गल्लीत येऊन गेला होता. अक्काच्या ओसरीत परातीत सोललेले ताडगोळे होते, पाणी सुटलेले, गार. मी ते वाटत होते. हे पाण्याच्या आणि पेट्रोलच्या डब्यांचा हिशेब करत होते. बोट नकाशावर ठेवून, मान वर न करता ते म्हणाले, "मागची सीट काढावी लागेल. डबे मावणार नाहीत. म्हणजे पुढं दोघंच. मालती तेवढे दिवस साताऱ्याला जाईल."

मी अक्काकडे पाहिलं. यांच्याकडे नाही, अक्काकडे. गच्चीवर मला "तू येतेस?" विचारणारी अक्का. ती आता बोलेल, म्हणेल की अरे, ही तर पहिली. अक्का माझ्याकडे पाहत होती. मग तिनं परातीतला एक ताडगोळा उचलला आणि तोंडात टाकला. सावकाश खाल्ला.

मला आजही ताडगोळा गिळताना घशाशी ती संध्याकाळ लागते.

कत्तिरी सरत आली तेव्हा अक्कानं ठरवलं की एकदा वाळूत गाडी घालून पाहावी. मद्रासच्या माणसाला वाळू म्हटलं की समुद्रच आठवतो. मग मद्रासजवळचं कोवलम. मागची सीट काढलेली, पाण्याचे डबे भरून ठेवलेले. "मी येणार," मी म्हटलं. यांनी डब्यांकडे पाहिलं. मी घडी केलेली चटई घेतली आणि डब्यांच्या मधे जमिनीवर जाऊन बसले. शोळिंगनल्लूरच्या पुढं रस्ता नुसता ताडांचा आणि धुळीचा. प्रत्येक खड्ड्याला डब्यातलं पाणी हिंदकळून माझ्या मांडीवर यायचं. केळंबाक्कमच्या मिठागरांजवळ सगळीकडे पांढरं पांढरं दिसलं. "असंच असेल काय ग?" अक्का म्हणाली. ग म्हणाली. मला विचारत होती. मी मांडीवरचं पाणी झटकलं.

कोवलमला होड्या ओढून ठेवलेल्या होत्या, मासळी वाळत घातली होती. अक्कानं तुळजा सरळ वाळूत घातली. थोडी गेली आणि मग बसली. चाकं गरगरली, वाळू उडाली, तुळजा पोटावर बसली. कोळी जमले. बायका टोपल्या टेकवून मजा बघायला उभ्या राहिल्या. अक्का खाली उतरली, तमिळमध्ये त्यांच्याशी बोलली. ते हसले, तीही हसली. त्यांनी होडी सरकवायचे ओंडके आणि माडाच्या झावळ्या आणल्या, दोर लावला. यांना मागून ढकलायला उभं केलं. अक्कालाही ढकलायचं होतं, कारण तिच्याएवढं वजन दुसऱ्या कुणाचं नव्हतं, असं ती स्वतःच म्हणाली. मग स्टिअरिंगच्या चाकाशी कोण?

"मालती, बस तिथं," अक्का म्हणाली.

"तिला कुठं येतं?" हे मागून ओरडले.

"येतं तिज. मागं बसून माझे पाय पाहते की. मज आरशात दिसतं."

मी बसले. जागा तापलेली होती, चाक हाताला पोळत होतं. चपला काढल्या. डावा पाय खाली, हात मागं. बाहेर कोळी "ऐलसा, ऐलसा" करून ओढू लागले. डावा हळूहळू वर, उजवा हळूच खाली. तुळजा थरथरली, एका कुशीवर झाली, आणि झावळ्या करकरत चाकांखालून गेल्या, आणि ती निघाली. समोर ओली, घट्ट वाळू होती. थांबव, थांबव, असं कुणी तरी म्हणत होतं. मी थांबवलं नाही. पाण्याच्या कडेकडेनं तशीच गेले. उजवीकडे होड्या मागं पडत होत्या, डावीकडे फेस येत होता. पायांखालून एंजिनाची धडधड अंगभर येत होती. शेजारची सीट रिकामी होती. मी मोठ्यानं हसले, एकटी.

मग समोरच्या लहानशा आरशात माझं लक्ष गेलं. त्यात ते दोघं होते. बोटभर उंचीचे, शेजारी शेजारी, गुडघ्यापर्यंत वाळूनं माखलेले. इतके दिवस मी त्यांच्या मानगुटी पाहत आले होते आणि आता ते माझ्या तुळजाची पाठ पाहत होते. वळून परत आले तेव्हा यांचा चेहरा जवळून दिसला. मी त्या चेहऱ्याला चांगली ओळखत होते. सगळी कत्तिरीभर मी तोच लावून फिरत होते.

"बरं चालवलंस," हे म्हणाले आणि टॉवेल शोधू लागले.

त्यानंतर आमच्या घरात पुढच्या सीटवरून धुसफूस सुरू झाली. उघड भांडण नाही. फक्त यांनी नकाशा मांडला की मी म्हणायची, "रात्री डोळे दुखले तर अक्कांना चालवायला कुणी तरी हवं." हे म्हणायचे, "रस्ता चुकला तर चालवून काय उपयोग?" दोघंही अक्काशी गोड. मी सकाळी तिच्यासाठी मोगऱ्याची वेणी न्यायची, हे संध्याकाळी जिलेबी. अक्का दोन्ही घ्यायची आणि पुढच्या सीटबद्दल चकार शब्द काढायची नाही.

पाऊस झाला, दिवाळी झाली. कार्तिकातला चांगला दिवस पाहून अक्कानं प्रस्थान ठेवायचं ठरवलं, कारण तुळजा अजून मेकॅनिककडे होती आणि मुहूर्त तर साधायचा होता. मुहूर्तावर निघता येत नसेल तर आपली एखादी वस्तू जायच्या दिशेच्या दुसऱ्या घरी नेऊन ठेवायची, की प्रवास सुरू झाला. निघताना ती वाटेत उचलायची. साताऱ्यालाही हे करत, सुपारी आणि हळकुंड बांधून. अक्काच्या घरी जाणाऱ्याचं कापड ठेवायची रीत होती. आणि एकदा प्रस्थानात ठेवलेलं कापड प्रवास केल्याशिवाय घरी परत येऊ द्यायचं नाही, हाही नियम.

मी पहाटेच खाली जाऊन माझा हिरवा इरकली खण अक्काच्या हातात दिला. एकदा तो गाठोड्यात गेला की कोण मला अडवतं? अक्कानं घेतला. खुंटीवरच्या फडक्यात तिचं जुनं उपरणं होतं, आणि त्याच्यावर यांचा निळ्या काठाचा रुमाल. मीच धुतलेला, मीच इस्त्री केलेला. अक्कानं तिन्ही कापडं एकत्र बांधली आणि रस्त्याच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या फुलवाल्या आंडाळम्माच्या घरी ठेवून आली.

निघायच्या दिवशी उजाडताना आम्ही दोघंही तयार होऊन फाटकाशी उभे. दोघांच्या हातात एकेक पिशवी, दोघं एकमेकांकडे न बघता. तुळजा धुऊन पुसून उभी, बंपरला ही पिशवी पाझरत. मागं डबे रचलेले. अक्का बाहेर आली. ओसरीत एक भरलेला डबा उरला होता. "वसंता, एवढा उचल," ती म्हणाली. यांनी उचलला. "कुठं ठेवू? मागं जागा नाही."

"पुढं ठेव. सीटवर."

यांना वाटलं तात्पुरता. ठेवला. अक्कानं तो दोरीनं सीटला नीट बांधला, गाठ ओढून पाहिली. मग वळसा घालून आपल्या जागी बसली, चपला काढल्या. "येते," म्हणाली. "गच्चीचं दार लावत जा." आणि गेली. रस्त्याच्या टोकाला आंडाळम्माच्या घरापुढं तुळजाचा मागचा लाल दिवा एकदा लागलेला दिसला. गाठोडं घेतलं असणार. मग तुळजा वळली.

आम्ही दोघं फाटकाशी उभे. हातात पिशव्या. पत्र्याच्या डब्याचा मत्सर करणारी माणसं मी तरी दुसरी पाहिलेली नाहीत. वर आलो, मी कॉफी केली. यांनी पेला घेतला आणि म्हणाले, "माझा रुमाल गेला." मी म्हटलं, "माझा खण गेला." त्या घरात आल्यापासून आम्हाला एकाच गोष्टीचं, एकाच वेळी, एवढं वाईट वाटलं ते पहिल्यांदाच. त्या दिवशी हे ऑफिसला गेले नाहीत. आम्ही दिवसभर बोलत बसलो. अक्काबद्दल अर्थात, आणि काही फार चांगलं नाही.

संक्रांत होऊन गेल्यावर अक्का आली. काळी झालेली, बारीक झालेली. यांनी रस्ता विचारला, तो तिनं सांगितला. मी विचारलं, कसं होतं? "वाळू होती. अस्की वाळू," ती म्हणाली. मी तिथंच बसून राहिले, तेव्हा आणखी एक वाक्य मिळालं. "गाडी बंद केली की काही ऐकू येत नाही ग. मी मुद्दाम बोलून पाहिलं नाही." मग तिनं रुमाल आणि खण परत दिले. खणाच्या घडीत बारीक पिवळी वाळू होती. मी तो झटकला नाही, धुतला नाही, शिवलाही नाही. ट्रंकेत आहे. कधी कधी काढते आणि स्वतःच्याच खणाचा हेवा करत बसते.

आता अक्काला दिसत नाही. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. तुळजा मी चालवते. अक्कानंच शिकवली, परत आल्यावर, रोज सकाळी मरीनाच्या रस्त्यावर, ओरडून ओरडून. मी तिला इस्पितळात नेते, कपालीश्वराला नेते. मुलं मागं बसून तमिळमधून भांडतात आणि मराठीतून खायला मागतात. हे गाडी कधी शिकले नाहीत. ते नकाशावर राहिले.

आणि काल संध्याकाळी वारा सुटल्यावर यांनी तो नकाशा पुन्हा गच्चीवर आणला. घड्यांवर आता भोकं पडली आहेत. अक्काला हात धरून वर आणलं होतं, ती खुर्चीत बसली होती. मी ताडगोळे सोलत होते. यांना यंदा कार्तिकात लांब रजा मिळते आहे. "मुलं साताऱ्याला आजोळी जातील," हे म्हणाले. "तू चालव, रस्ता मी बघतो. मागची सीट काढावी लागेल."

"काढ," अक्का म्हणाली. तोंड माझ्या दिशेला, पण जरासं चुकून, कठड्याकडे. "मी डब्यांत बसेन. चटई घालून. मज पुढं बसून काय दिसायचं आहे? वास येईल वाळूचा, तितका पुरे." मग वर्गातला तो आवाज एकदम लहान झाला. "नेशील काय ग मज, मालती?"

दोघं माझ्या उत्तराची वाट पाहत होते. यांचं बोट जोधपूरवर होतं. अक्काच्या आंधळ्या चेहऱ्यावर तोच मत्सर होता, मी तिथं कधी न पाहिलेला, कोवलमच्या आरशात बोटभर उंचीचा असताना मला ओळखू आला नसेल. मला दया यायला हवी होती, आणि आलीही. पण तिच्याआधी मला दिसला तो रस्ता. लांब, सरळ, दोन्हीकडे काही नाही. माझे पाय अनवाणी. शेजारच्या सीटवर दोरीनं बांधलेला पाण्याचा डबा. मागं कुणी नाही, आरशात कुणी नाही. गाडी बंद केली की काही ऐकू येत नाही.

एवढी वर्षं मी समजत होते की त्या संध्याकाळी अक्कानं माझ्याऐवजी यांना निवडलं. तिलाही तेव्हा हाच रस्ता दिसला असणार.

"मालती?" अक्का म्हणाली.

मी परातीतला एक ताडगोळा उचलला आणि तोंडात टाकला.